गुणगौरव नीट कसा करायचा: आठवी-नववी-दहावीच्या मुलांसाठी शाळेत खरंच चालणारी पद्धत

बहुतेक शाळांत गुणगौरव वर्षातून एकदाच होतो, २६ जानेवारीला नाहीतर स्नेहसंमेलनात, आणि वर्षभराची सगळी बक्षिसं त्या एका दिवशी उरकली जातात. नावं भराभर वाचतात, मुलगा स्टेजवर जातो, पाहुण्यांच्या हातून ट्रॉफी घेतो, फोटो होतो, खाली येतो. त्याने नेमकं काय केलं हे समोर बसलेल्या मुलांना कळतच नाही, आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांनाही कळत नाही. मला मनापासून वाटतं की कौतुक करायचं असेल तर त्या मुलाचं काम लोकांना दिसलं पाहिजे. चित्र असेल तर चित्र, प्रयोग असेल तर प्रयोग, गणित असेल तर ते गणित. बाकी शाल, नारळ, फेटा हे असलं तरी चालतं आणि नसलं तरी काही बिघडत नाही.

हे सगळं लिहितोय ते मराठी माध्यमाच्या साध्या अनुदानित शाळा डोळ्यासमोर ठेवून, जिथे हॉल नसतो, पटांगण असतं, माईक कधी चालतो कधी नाही. शहरातल्या शाळांनी त्यातलं लागेल ते घ्यावं.

सुरुवात वहीपासून, आणि ती जूनमध्येच

एक जाड रजिस्टर घ्या, त्यावर "यश नोंदवही" लिहा आणि एकाच शिक्षकाकडे द्या, सगळ्यांकडे असलेली गोष्ट कोणाकडेच नसते. रकाने एवढेच: मुलाचं नाव (जनरल रजिस्टरला आहे तसंच), इयत्ता-तुकडी, स्पर्धा किंवा परीक्षा, कोणी घेतली, तारीख, निकाल, आणि शेवटचा मोठा रकाना "काय केलं". हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण जानेवारीत निवेदन लिहायला बसल्यावर जुलैतलं काही आठवत नाही, मग "घवघवीत यश" हेच शब्द सगळ्यांना वाटले जातात.

नोंदवायचं काय काय, तर कलेच्या बाजूला कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा म्हणजे आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, मग कला उत्सव (२०१५ पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी होतो, शाळेपासून राष्ट्रीय पातळीपर्यंत जातो), बालनाट्य, रांगोळी, गायन, वक्तृत्व. अभ्यासाच्या बाजूला पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीची एनएमएमएस (केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा), सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, तालुका-जिल्हा विज्ञान प्रदर्शन, इन्स्पायर मानक (मुलांच्या नव्या विज्ञान कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना), गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम. आणि ह्याशिवाय मुलं बाहेर स्वतःहून काय काय करतात तेही, एखादी मुलगी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवते, एखादा मुलगा वडिलांबरोबर गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखतो. स्पर्धेत नाही बसलं म्हणून हे वहीतून सुटायला नको. महिन्यातून एकदा प्रत्येक वर्गशिक्षकाने तासाला विचारायचं, "कोणी कुठे भाग घेतला का?" आणि चिठ्ठी वहीवाल्याकडे द्यायची. मुलं स्वतःहून सांगत नाहीत, मुली तर अजिबात नाही, म्हणून विचारायचंच.

कोणत्या यशाला किती मोठं करायचं

इथे थोडं कडक राहावं लागतं. हल्ली फी भरून बसायच्या कितीतरी खाजगी परीक्षा शाळांत येतात आणि त्यात बसलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला कसलंतरी मेडल मिळतं. मुलाला आनंद झालेला असतो, तो मोडायचा नाही, पण त्याला आणि होमी भाभाला एकाच मापाने मोजलं तर ज्याने वर्षभर घासलेलं असतं त्याला ते लागतं. ओळखायचं कसं: परीक्षा कोण घेतं, किती टप्पे आहेत, मुलाला स्वतः काही करून दाखवावं लागतं का. होमी भाभाला आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे पार करावे लागतात. ऑलिंपियाडला आयओक्यूएम, मग प्रादेशिक पातळीची आरएमओ, मग राष्ट्रीय पातळीची आयएनएमओ. अशा ठिकाणी मूल दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं तरी ती बातमी आहे, मेडल नसलं तरी. निकालाच्या कागदावर "उत्तेजनार्थ" किंवा "सहभाग" असलं की आपण ते खाली ढकलतो, तसं करायचं नाही, टप्पा बघायचा.

त्याच आठवड्यात, परिपाठात

निकाल लागला की जानेवारीपर्यंत थांबायचं नाही. मुलांच्या वयात सहा महिने म्हणजे खूप होतात, तोपर्यंत त्या चित्राचा उत्साह संपून पुढचं काहीतरी सुरू झालेलं असतं. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या झाल्या की पाच मिनिटं. त्या मुलाला पुढे बोलवायचं, मुख्याध्यापकांनी दोन वाक्यं बोलायची, आणि मग मुलाने स्वतः आपलं काम दाखवायचं.

लाजणाऱ्या मुलाला आदल्या दिवशीच विचारून ठेवा, त्याला बोलायचं नसेल तर त्याचा मित्र बोलेल, आणि तेही नको असेल तर फक्त चित्र हातात धरून उभं राहिलं तरी पुरे. जबरदस्ती अजिबात नको. काही मुलांना सगळ्यांसमोर नाव घेतलेलं खरंच नको असतं, त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीची चिठ्ठी घरी पाठवा, तीही जपून ठेवतात.

अभ्यासाचं यश दाखवायला अवघड असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. समजा एखादी नववीतली मुलगी आयओक्यूएममधून आरएमओसाठी निवडली गेली. तिला सांगा एक गंमत करून दाखव. ती म्हणेल कुठलीही तेरा मुलं पुढे या, आणि तुम्हाला कोणाचा वाढदिवस कधी हे न विचारताच मी सांगते की तुमच्यात निदान दोघं एकाच महिन्यात जन्मलेले आहेत. मुलं महिने सांगायला लागतात, दोघं सापडतातच, आणि मग ती सांगते की महिने बारा आणि माणसं तेरा, म्हणजे एक महिना तरी दोघांच्या वाट्याला येणारच. मग विचारते, एकाच तारखेला वाढदिवस असलेले दोघं नक्की असायला किती मुलं लागतील? (३६७, कारण २९ फेब्रुवारी धरून तारखा ३६६.) ह्याला कबुतरखान्याचं तत्त्व म्हणतात आणि ऑलिंपियाडला ते खरंच लागतं. पाच मिनिटांत सातवीतल्या पोरांनाही कळतं की ही मुलगी कसला विचार करते. "अमुक इतके गुण" सांगून हे कधी कळत नाही.

चित्रं भिंतीवर कशी लावायची

हा भाग जरा जास्त लिहितो कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. चांगल्या चित्राला चारही कोपऱ्यांत टाचण्या मारलेल्या, नाहीतर मागून पूर्ण फेविकॉल फासून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, आणि दोन दिवसांत कागद फुगून सुरकुत्या. मुलाने त्या कागदावर कितीतरी तास घालवलेले असतात.

ड्रॉइंग पेपर बहुतेक वेळा क्वार्टर इम्पिरियल असतो, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंच. त्याच्यामागे काळा किंवा करडा माउंटबोर्ड (चित्रामागे लावायचा जाड पुठ्ठा) घ्या, चारही बाजूंनी दोन-दोन इंच सुटेल असा, खालची बाजू अर्धा इंच जास्त ठेवली की चित्र घसरल्यासारखं दिसत नाही. चिकटवायचं फक्त वरच्या कडेला, पेपर टेपचे दोन तुकडे मागच्या बाजूने बिजागरीसारखे लावून. चित्र वरून लटकतं, कागदाला हवेप्रमाणे ताणायला-सैलावायला जागा राहते, आणि नंतर मुलाला चित्र जसंच्या तसं परत काढून देता येतं. ऑइल पेस्टल किंवा खडूचं काम असेल तर साठवताना मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर एकाचा रंग दुसऱ्याच्या पाठीवर. लॅमिनेशन शक्यतो नकोच, चित्र कायमचं प्लास्टिकमध्ये अडकतं आणि उजेडात नुसतं चमकतं, लांबून काही दिसत नाही.

जागा निवडताना थेट ऊन येणारी भिंत टाळा, पोस्टर कलर आणि स्केचपेनचे रंग उन्हात लवकर उडतात. उंची मुलांच्या डोळ्याच्या रेषेत, म्हणजे चित्राचा मध्य साधारण साडेचार फुटांवर. आपण मोठी माणसं आपल्या उंचीला लावतो आणि पाचवीतली मुलं मान वर करून बघत बसतात. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तर लावूच नका, तिथे मुलं जातात कधी? पाण्याच्या टाकीजवळची भिंत, जिन्याचं वळण, शालेय पोषण आहाराची रांग जिथून जाते तो व्हरांडा, ह्या जागा बघा, थांबलेलं मूल आपोआप चित्र बघतं.

चित्राखाली चिठ्ठी हाताने लिहिलेली चालेल, नव्हे चांगलीच, आणि अक्षरलेखन छान असलेल्या मुलाकडून लिहून घ्या. नाव, इयत्ता, चित्राचा विषय, माध्यम, आणि मुलाचं स्वतःचं एक वाक्य. "भाजीबाजारातली गर्दी काढताना पाठमोरी माणसं आधी काढली, मग समोरची" असलं काहीतरी. इंटरमिजिएटचं असेल तर स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ह्यातल्या प्रत्येकाच्या सरावाची दोन-तीन कच्ची कामंही शेजारी लावा. पुढच्या वर्षी परीक्षेला बसणारी मुलं तिथेच उभी राहून शिकतात, ए ग्रेडचं चित्र एकदम पडत नाही हे त्यांना दिसतं.

आणि फलकलेखन विसरू नका. रंगीत खडूंनी दर्शनी फळा सजवणारे शिक्षक आणि मुलं आपल्याकडे खूप आहेत. फ्लेक्सला पैसे घालण्यापेक्षा फळा त्या मुलांच्या ताब्यात द्या.

निवेदन लिहिताना

ठरावीक साच्यातलं वाक्य असं असतं: "कु. ____ हिने इंटरमिजिएट परीक्षेत घवघवीत यश संपादन करून शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला आहे." ह्यात नाव बदललं तर दुसऱ्या कोणालाही चालतं.

त्याऐवजी असं लिहा: "नववी ब मधल्या ____ हिला इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली. तिला स्थिरचित्र जड जायचं, तांब्याच्या कळशीवरचा उजेड जमत नव्हता. गणपतीच्या सुट्टीत तिने घरची कळशी खिडकीत ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ तीच काढली. ती स्केचेस जिन्याजवळ लावली आहेत, जेवणाच्या सुट्टीत बघून या." चार वाक्यं, अर्धा मिनिट, आणि सगळी शाळा जिन्याकडे जाते.

ही माहिती मुलाला आणि त्याच्या शिक्षकाला विचारूनच मिळते, म्हणून वहीतला तो शेवटचा रकाना. नाव आणि आडनावाचा उच्चार मुलालाच विचारून घ्या. प्रमाणपत्र छापायला देण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ मुलाकडून तपासून त्याची सही घ्या, चुकीच्या नावाचं प्रमाणपत्र पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट फार जपून. एनएमएमएसचं पूर्ण नाव घेतलं तर त्यात "आर्थिक दुर्बल घटक" हे शब्द येतात, आणि ते स्टेजवरून, त्या मुलाच्या आई-वडिलांसमोर, सगळ्या वर्गासमोर वाचले जातात. का वाचायचे? "एनएमएमएस शिष्यवृत्ती" एवढंच म्हणा. त्या परीक्षेला बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर असतात, राज्याचा कोटा ११,६८२ आहे आणि त्यात गुणवत्तेने नंबर लागतो, हे सांगा. घरचं उत्पन्न किती हे सांगायची गरज नाही.

मुख्य कार्यक्रम

परिपाठात कौतुक होऊन गेलेलं असलं तरी वर्षातून एक मोठा कार्यक्रम हवाच, कारण पालकांना बोलवायचं असतं. दिवस निवडताना विषयाला धरून दिवस मिळाला तर फार छान, २२ डिसेंबरला रामानुजन यांची जयंती म्हणून राष्ट्रीय गणित दिवस, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिवस. दहावीची परीक्षा जवळ आलेली असते म्हणून फेब्रुवारीचं जरा बघून. दोन-तीन छोटे कार्यक्रम केले तर एका दिवसाची घाईही राहत नाही.

वेळ पालकांच्या कामाकडे बघून ठरवा. शेतमजुरीला जाणारी आई सकाळी अकराला येऊच शकत नाही, तिचा रोज बुडतो. सकाळी साडेसात किंवा संध्याकाळी पाचनंतर ठेवलं तर येते. ऊसतोडीला गेलेल्या घरची मुलं असतील तर व्हिडिओ कॉल लावून द्या, आजी-आजोबांना बोलवा. निमंत्रण पत्रिका मुलाच्या दप्तरातून जाते आणि दप्तरातच राहते, म्हणून वर्गशिक्षकांनी फोनच करायचा, "तुमच्या मुलीचं चित्र लावलंय, बघायला या." शाळेतून फोन आला की पालक आधी घाबरतात, त्यामुळे पहिल्याच वाक्यात चांगली बातमी आहे हे सांगा.

कार्यक्रम सव्वा तासाच्या वर नको. मुलं जमिनीवर बसलेली असतात, ऊन असतं. पाहुणे एकच बोलवा, आणि शक्यतो त्या क्षेत्रातले, शाळेचाच माजी विद्यार्थी जो आता मूर्तिकार आहे, साइनबोर्ड रंगवतो, लॅबमध्ये काम करतो, आर्किटेक्चर शिकतो. त्यांना आधी अर्धा तास बोलवून प्रदर्शन दाखवा, म्हणजे ते भाषणात त्या चित्रांविषयी बोलतील. पाहुण्यांना उशीर झाला तर सुरू करून टाका. सत्कार, परिचय, प्रास्ताविक हे मिळून पंधरा मिनिटं, उरलेला एक तास मुलांचा. वक्तृत्ववाल्याने भाषणातली दोन मिनिटं करायची, विज्ञान प्रदर्शनवाल्याने मॉडेल चालवून दाखवायचं, गाणाऱ्याने गायचं, आणि जिथे करून दाखवण्यासारखं नाही तिथे निवेदन. स्टेजवर पालकांनाही मुलाबरोबर बोलवा, आईचं नाव घेऊन बोलवा. आणि ज्या शिक्षकाने सुट्टीच्या दिवशी येऊन सराव घेतला त्याचं नाव त्याच दमात घ्या, कितीतरी शाळांत आता पूर्णवेळ कलाशिक्षकच नाही आणि मराठीच्या किंवा भूगोलाच्या बाई ग्रेड परीक्षेची तयारी करून घेतात.

बक्षीस काय द्यायचं

ट्रॉफी कपाटावर धूळ खाते. चित्र काढणाऱ्याला चांगले ब्रश, पोस्टर कलरचा सेट, ड्रॉइंग पेपरचा गठ्ठा द्या, गणितवाल्याला गणिताचं पुस्तक, तेही त्याला विचारून, प्रयोगवाल्याला मल्टिमीटर. पैसे नसतील तर वाचनालयातून वर्षभर दोन पुस्तकं जास्त न्यायची मुभा हेही बक्षीस आहे. पुष्कळ शाळांत कोणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेल्या कायम ठेवी असतात आणि त्यांच्या व्याजातून बक्षीस देतात, ते व्याज आता इतकं कमी झालेलं असतं की पाकीट द्यायलाही अवघड वाटतं. अशा दोन-तीन ठेवींचं व्याज एकत्र करून, देणगीदारांच्या घरच्यांना विचारून, सगळ्यांची नावं लिहून एक चांगली वस्तू द्या. घरचे सहसा आनंदाने हो म्हणतात.

ज्यांना नंबर मिळाला नाही

शंभर मुलं परीक्षेला बसतात तेव्हा यादीत थोडीच येतात. बाकीच्यांना बोलवून उगाच सगळ्यांना सारखं प्रमाणपत्र वाटायचं असं म्हणत नाही, मुलांना ते लगेच कळतं. पण प्रदर्शनात भिंतीचा एक मोठा भाग भाग घेतलेल्या सगळ्यांसाठी ठेवा, प्रत्येकाचं एक काम, मुलाने स्वतः निवडलेलं. निकालाच्या दिवशी नापास किंवा ग्रेड न मिळालेल्या मुलाशी शिक्षकाने त्याच दिवशी बोलायचं, एकटं गाठून, पुढच्या वेळेला काय करू ते.

फोटो, ग्रुप आणि पेपर

व्हॉट्सअप ग्रुपवर सगळ्या मुलांच्या गुणांची यादी टाकायची नाही. यश असलेल्याचं नाव आणि काम टाका, बाकीच्यांचे गुण कोणाला दिसायची गरज नाही. फोटोसाठी पालकांची लेखी संमती जूनमध्येच, प्रवेशाच्या कागदांबरोबर घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहेच, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कोणाच्या मुलीचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लावायचा हे आपण परस्पर ठरवू नये. मी तर चेहऱ्यापेक्षा कामाचा फोटो टाका म्हणेन, चित्र धरलेले हात, मॉडेल, फळ्यावर सोडवलेलं गणित. पेपरला बातमी पाठवायची तर सव्वाशे शब्दांत, पहिल्या ओळीत मुलाचं नाव आणि काम, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावं शेवटी.

गावात दाखवायचं असेल तर माउंट केलेली चित्रं आठवडाभर ग्रामपंचायतीत किंवा सार्वजनिक वाचनालयात लावा. बाजाराच्या दिवशी लोक थांबून बघतात.

कार्यक्रम झाल्यावरचे कागद

हे कौतुकाचाच भाग आहेत, कारण यशाचा फायदा कागदांवाचून मुलापर्यंत पोचत नाही. इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीला ७ वाढीव गुण, बी ला ५, सी ला ३, पण त्यासाठी शाळेने वेळेत मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो आणि प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. कार्यक्रमाच्या दिवशीच झेरॉक्स काढून फाइलला लावा. एनएमएमएसचे वर्षाला १२,००० रुपये नववी ते बारावी अशी चार वर्षं मिळतात, त्यासाठी मुलाच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं आणि दर वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. हे करायचं राहिलं की पैसे थांबतात, आणि अकरावीला कॉलेज बदललं की नक्कीच राहतं, म्हणून दहावीच्या निरोपाच्या वेळी त्या मुलांना आणि पालकांना बसवून समजावून सांगा, दहावीला ६० टक्के लागतात हेही (अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५ टक्के सवलत आहे). इन्स्पायर मानकला कल्पना निवडली गेली तर मॉडेल बनवायला १०,००० रुपये मुलाच्या खात्यावर येतात, तेव्हा विज्ञान शिक्षकांनी साहित्य आणायला बरोबर जावं आणि बिलं जपावीत.

वर्ष संपताना नोंदवहीची शेवटची पानं काढून बसा आणि बघा की कोणत्या तुकडीतून कोणीच नाही, मुली कुठल्या स्पर्धेला अजिबात बसल्या नाहीत, कोणत्या वाडीवरची मुलं यादीत कधीच दिसत नाहीत. बऱ्याचदा कारण साधं निघतं, फॉर्मची तारीख त्या वर्गात कोणी सांगितलीच नव्हती किंवा परीक्षा केंद्र लांब होतं आणि नेणारं कोणी नव्हतं. मग जून-जुलैत ह्या वर्षी बक्षीस मिळालेल्या दोन-दोन मुलांना त्यांची चित्रं, वह्या, मॉडेल घेऊन त्या वर्गांत एका तासाला पाठवा, फॉर्म कधी भरायचा, फी किती, केंद्रावर जायला एसटी कितीची हे तीच मुलं सांगतील, आणि ज्यांना बसायचंय त्यांची नावं तिथल्या तिथे लिहून घेतील.